सुरतेतली कबर आणि खाडीकाठची साल

सुरतेच्या आग्नेय भागात, रेल्वेरुळांच्या पलीकडे लिंबायत आहे. नंदुरबार, धुळे, जळगावकडून यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या मिलांत काम करायला आलेल्या माणसांनी ही वस्ती वाढवली. घरात अहिराणी, गल्लीत मराठी आणि कामावर गुजराती-हिंदी असा इथला दिवस जातो. वस्तीतून मिठी खाडी वाहते. पावसाळ्यात पाणी घरांत शिरलं की तिची बातमी होते, एरवी तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. पण सुरतेच्या दक्षिण भागातल्या खाड्यांचं पाणी पुढे मिंढोळा नदीकडे, म्हणजे समुद्राकडेच उतरतं. डुमस-हजिराच्या बाजूला, जिथे भरतीचं पाणी चिखलात शिरतं, तिथे तिवराची झाडी आहे. गुजरातीत तिला चेर म्हणतात.

तिवर, कांदळ, चिपी, मारांडी, गेवा ही सगळी खारफुटीचा कुळाचार सांभाळणारी झाडं. त्यांच्या सालीत आणि पानांत जंतूंची वाढ रोखणारी द्रव्यं असतात, हे गेल्या चाळीसेक वर्षांत देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी पुन्हापुन्हा दाखवलं आहे. हे ज्ञान प्रयोगशाळेत जन्मलेलं नाही. कोळ्याच्या जाळ्यात, कातडं कमावणाऱ्याच्या हौदात आणि वैद्याच्या पोथीत ते आधीपासून होतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खारफुटीची पहिली मोठी सचित्र नोंद ज्या माणसाने करून घेतली, तो सुरतेतच पुरलेला आहे. कातारगाम दरवाज्याजवळच्या डच दफनभूमीत त्याची घुमटाची कबर उभी आहे आणि लिंबायतहून तिथे पोचायला शहरातल्या शहरात थोडीशी वाट लागते.

त्याचं नाव हेंड्रिक आड्रियान व्हान रेडे. जन्म १६३६ चा. डच ईस्ट इंडिया कंपनीत साधा शिपाई म्हणून आला आणि १६७० मध्ये मलबारचा गव्हर्नर झाला, कोचीनला राहू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. आधीच्या, १६६४ च्या स्वारीत इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन याचीही कबर सुरतेतच, इंग्रज दफनभूमीत आहे. मराठी वाचकाला सुरतेचं सतरावं शतक ठाऊक असतं ते या स्वाऱ्यांपुरतं. त्याच काळात कोचीनला एक वेगळंच काम चाललं होतं आणि त्यात आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांचा हात मोठा होता.

व्हान रेडेने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला. ‘होर्टुस मलबारिकुस’ हे त्याचं नाव. १६७८ पासून १६९३ पर्यंत आम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. त्यांत जवळपास ७४० वनस्पती आणि जवळपास आठशे ताम्रपट-चित्रं आहेत. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा एळवा समाजातला वैद्य होता. त्याच्या घराण्याकडे औषधांची पिढीजात ताडपत्री पोथी होती. त्याच्याबरोबर तीन कोकणी पंडित होते: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेले सारस्वत कोचीनला वसले होते, त्या समाजातले हे लोक. आपण निघंटू पाहून झाडांची नावं आणि गुण सांगितले, असं त्यांनी एप्रिल १६७५ मध्ये लिहून दिलं. ते लेखन कोकणीत आणि नागरी लिपीत आहे, आणि पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलेलं आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत ते मोडतं. एवढंच नव्हे, चित्रांच्या ताम्रपटांवरही रोमन, मल्याळम आणि अरबी अक्षरांसोबत नागरी अक्षरांत झाडाचं नाव कोरलेलं आहे. ग्रंथावर नाव मात्र डच गव्हर्नराचं आलं. या चौघांनी सांगितलं नसतं, तर त्या गव्हर्नराला चिखलातल्या झाडाकडे पाहण्याचं कारणच मिळालं नसतं, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हवं.

या ग्रंथात खारफुटी ठिकठिकाणी भेटते. तिवराच्या जातीचं झाड ‘ऊपाता’ या नावाने चौथ्या खंडात येतं, मारांडी ‘पैना-चुळ्ळी’ म्हणून दुसऱ्यात, दुधाळ गेवा पाचव्यात. १६८६ साली निघालेल्या सहाव्या खंडात तर एकामागोमाग एक कांदळांची रांगच आहे. पी-कांदेल, चेरू-कांदेल अशी ती नावं. चित्रकाराने आधारमुळं आणि झाडावरच रुजून खाली लोंबणाऱ्या शेंगेसारख्या कोंबांकडे बारकाईने पाहिलं आहे. पुढे १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने झाडांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा यातल्या एका कांदळाचं नाव त्याने याच चित्रावरून ‘रायझोफोरा कँडेल’ असं ठेवलं. हे झाड त्याने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. तिवराच्या प्रजातीला त्याने इब्न सीना या हकिमाचं नाव दिलं आणि जातीला औषधी असं विशेषण लावलं.

ग्रंथातल्या उपयोगांची यादी वाचताना वैद्यांची दृष्टी दिसते. मारांडीचे कोवळे शेंडे आणि पानं वाटून पाण्यात भिजवून सर्पदंशावर लावावीत. कांदळाची साल सुंठ किंवा पिंपळी आणि गुलाबपाणी यांच्याबरोबर मधुमेहावर द्यावी. आज या उपचारांवर भिस्त ठेवायची नाही. साप चावला तर सरकारी दवाखान्यात प्रतिविष घ्यायचं, त्याला पर्याय नाही. पण यादीतून एक गोष्ट कळते. बंदराच्या चिखलातली ही झाडं त्या काळच्या वैद्याला परकी नव्हती, त्याच्या नेहमीच्या झोळीतली होती.

व्हान रेडे सुरतेला कसा आला? १६८४ मध्ये कंपनीने त्याला कमिशनर-जनरल नेमलं. कंपनीच्या नोकरांचा भ्रष्टाचार शोधून काढण्याचं अवघड काम त्याच्याकडे होतं. केप, बंगाल, कोरोमंडल, मलबार असं करत १६९१ च्या अखेरीस तो सुरतेकडे निघाला आणि मुंबईजवळ समुद्रातच, डिसेंबरात, त्याला मृत्यू आला. शव सुरतेला आणून मोठ्या थाटाने पुरलं. ग्रंथाचा शेवटचा खंड तो गेल्यानंतर निघाला. त्याची कबर आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

पंडितांच्या ग्रंथातलं हे ज्ञान किनाऱ्यावरच्या कामकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्याच्याकडे ते जाळ्याच्या रूपाने होतं.

नायलॉन येण्यापूर्वी मासेमारीची जाळी सुताची, तागाची, अंबाडीची असत. ती दिवसभर खाऱ्या पाण्यात भिजत आणि संध्याकाळी वाळूवर वाळत पडत. अशा धाग्यावर बुरशी आणि जंतू ताबडतोब चढतात. काही जंतू धाग्यातला सेल्युलोजच खातात. मग काही आठवड्यांतच जाळं ओढताना तुटायला लागतं. यावर जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर कोळ्यांनी एकच उपाय शोधला. झाडाच्या सालीचा काढा करायचा आणि जाळं त्यात उकळायचं किंवा मुरवायचं. पश्चिम किनाऱ्यावर ऐन, कांदळ अशा झाडांच्या साली कामाला येत. मलाया, बोर्निओ आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कांदळाची सालच मुख्य होती. जाळं तांबूस, कधी काळपट होई आणि सडणं लांबे. काही दिवसांनी काढा धुपून जाई, म्हणून पुन्हा रंगवावं लागे. घरातली माणसं मोठ्या हंड्याभोवती बसून हे काम करत. शिडांना आणि दोरांनाही तीच साल लागे. सुरतेसारख्या बंदरात, जिथे हजच्या यात्रेकरूंपासून नीळ-कापडापर्यंत सगळं जहाजाने जाई, तिथे किनाऱ्यावरच्या असल्या कामांना खूप महत्त्व होतं. इतिहासात त्यांची नोंद मात्र जहाजमालकांच्या मानाने फार थोडी आहे.

या सगळ्यामागे टॅनिन आहे. कोरा चहा फार वेळ उकळला की जीभ कोरडी पडते आणि तोंड आवळतं, ते याच गटातल्या द्रव्यांमुळे: लाळेतल्या प्रथिनांना ती चिकटतात. कातडं कमावणारा हेच करतो. कच्च्या कातड्यातलं कोलॅजेन टॅनिनशी जखडलं की ते पाण्यातही सडत नाही. महाराष्ट्रात यासाठी तरवड आणि बाभळीची साल, तसाच हिरडा जास्त वापरला गेला. किनाऱ्यांवर कांदळाची सालही कामाला आली, आणि बोर्निओ नि आफ्रिकेतून तिचा अर्क युरोपच्या कमावणीसाठी जहाजांनी गेला. कांदळाच्या आणि त्याच्या नातलग जातींच्या सालीत टॅनिनचं प्रमाण अनेकदा वाळलेल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक असतं.

जंतूच्या दृष्टीने पाहिलं तर टॅनिनचा मार तीन बाजूंनी होतो. जंतूने अन्न पचवण्यासाठी बाहेर सोडलेल्या विकरांना ते जखडतं. वाढीला लागणारं लोह ते धरून ठेवतं. पेशीच्या बाहेरच्या आवरणालाही ते इजा करतं. झाडाला याची गरज उघड आहे. प्राणवायू नसलेल्या आणि जंतूंनी भरलेल्या चिखलात त्याची मुळं रुतलेली असतात, वरून खेकडे आणि किडे पानं कुरतडायला येतात. टॅनिन हे झाडाचं स्वतःचं संरक्षण आहे. माणसाने ते जाळ्याला आणि कातड्याला लावलं.

इंग्रजी अमलात ही माहिती मुंबईत नव्याने गोळा होऊ लागली. विल्यम डिमॉक, वॉर्डन आणि हूपर यांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात निघाला. मारांडीबद्दल त्यात कोकणातली एक रीत आहे: खडीसाखर आणि जिरं घालून तिचा काढा आंबट ढेकरांवर द्यायचा. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या मुंबईच्या डॉक्टरांनी बामनदास बसू यांच्याबरोबर भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार केला. तो १९१८ मध्ये निघाला, तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते. सेंट झेवियर कॉलेजातले जेझुइट प्राध्यापक एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्याच्या खारफुटीवर सविस्तर लेख लिहिला. या माणसांनी झाडांना नीट नावं दिली, त्यांची ठिकाणं नोंदली आणि लोकांच्या रीती जपल्या. जंतू म्हणजे काय, हे आता कळायला लागलं होतं. तरी कोकणातल्या काढ्याचा आणि जंतूंचा संबंध जोडायला आणखी कित्येक दशकं जावी लागली.

मग काळ बदलला. १९४८ मध्ये जमिनीतल्या एका जंतूपासून टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं पहिलं औषध बाजारात आलं. पुढच्या दशकांत सुती जाळ्यांच्या जागी नायलॉनची जाळी आली, आणि सालीचा हंडा थंड पडला. एकाच काळात कोळ्याला साल लागेनाशी झाली आणि वैद्याला काढा. खारफुटीच्या जंतुनाशक गुणाला कुणी विचारेना.

सुरतेला जंतूंची ताकद पुन्हा कळली ती सप्टेंबर १९९४ मध्ये. ऑगस्ट-सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींचा प्लेग दिसला होता. नंतर सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरल्याची बातमी आली. काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. मराठी कामगारांसाठी परतीची वाट तापी खोऱ्याच्या रेल्वेची होती. उधना-जळगाव हाच तो मार्ग, जो विसाव्या शतकाच्या तोंडावर घातला गेला. औषधदुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. देशात ५० हून थोड्या अधिक मृत्यूंची नोंद झाली आणि अनेक शंका शेवटपर्यंत राहिल्या. पण लिंबायतसारख्या वस्त्यांना एक गोष्ट त्या दिवसांत समजली. जंतूवरचं औषध दुकानात नसेल, तर शहर एका आठवड्यात रिकामं होऊ शकतं. पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहराची सफाई नावाजली गेली.

प्लेगच्या जंतूवर खारफुटीचा अर्क चालतो, असं समजण्याचा मात्र काही आधार नाही. त्या दिवसांत औषध मिळून जे वाचले, ते टेट्रासायक्लिनसारख्या औषधांनी. तरी नव्या औषधांचा शोध संपत नाही. औषधांना न जुमानणारे जंतू वाढत चालले आहेत आणि संशोधक जुन्या झाडांकडे पुन्हा वळले आहेत.

मराठी मुलखात आणि शेजारच्या गोव्यात खारफुटीचं काम विशेष झालं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. लीला भोसले यांनी महाराष्ट्राच्या खारफुटीचा, विशेषतः तिच्या मीठ सहन करण्याच्या शक्तीचा, अनेक वर्षं अभ्यास केला. १९८५ मध्ये या झाडांचा उपयोग आणि रक्षण यावर राष्ट्रीय चर्चासत्रही तिथेच भरलं. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत खारफुटीचा नकाशा आणि त्यांच्यातलं रसायन या दोन्हींवर काम झालं. समुद्रातून औषधं शोधण्याचा राष्ट्रीय प्रकल्प लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या पुढाकाराने चालला. तमिळनाडूत परंगीपेट्टईला, अण्णामलै विद्यापीठाच्या केंद्रात के. कथिरेसन आणि सहकाऱ्यांनी खारफुटीच्या गुणांवर बरंच लिहिलं.

प्रयोग दिसायला सोपा असतो. सावलीत वाळवलेली साल किंवा पान कुटायचं, मिथेनॉल, अल्कोहोल किंवा पाण्यात भिजवून अर्क काढायचा, जंतू पेरलेल्या अगर-थाळीत तो घालायचा आणि दुसऱ्या दिवशी भोवती जंतू न वाढलेलं गोल क्षेत्र मोजायचं. निकाल बऱ्याचदा असा येतो की जखमा पिकवणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर अर्काचा परिणाम जास्त दिसतो, ई-कोलाय आणि सुडोमोनासवर कमी. याचं कारण ज्ञात आहे. पहिल्याच्या भिंतीबाहेर जादा पडदा नसतो, दुसऱ्यांच्या असतो. विद्रावक बदलला की निकाल बदलतो, कारण पाण्यात टॅनिन उतरतं आणि इतर द्रव्यांना दुसरं काही लागतं. टॅनिनबरोबरच तिवरात नॅफ्थोक्विनोन आणि मारांडीत बेंझोक्साझोलिनोन अशी द्रव्यं सापडली आहेत, त्यांच्यातही जंतुविरोधी गुण आहे. गेव्याचं पांढरं दूध मात्र धोक्याचं. डोळ्यांत गेलं तर तात्पुरतं अंधत्व येऊ शकतं. कोळी त्याच्याजवळ जपून वागतात.

अशा निबंधांचा ढीग मोठा आहे आणि त्यातून दवाखान्यात पोचलेलं औषध जवळपास नाहीच. याचं कारण आकड्यांत आहे. स्टॅफिलोकॉकसच्या साध्या जातीला रोखायला टेट्रासायक्लिन मिलिलिटरमागे साधारण एक मायक्रोग्रॅम पुरतं. सालीच्या कच्च्या अर्काला शेकडो मायक्रोग्रॅम, कधी काही मिलिग्रॅमही लागतात. शिवाय टॅनिन पोटात गेलं की अन्नातल्या प्रथिनांनाच चिकटतं, रक्तापर्यंत फारसं पोचतच नाही. म्हणून जुने वापर पुन्हा पाहण्यासारखे आहेत. जाळं, कातडं, जखम, आतडं. मधुमेहासारखे अपवाद सोडले, तर जिथे द्रव्य थेट त्या जागी लावता किंवा पोचवता येतं, तिथेच लोकांनी त्याचा मुख्य उपयोग केला. पिढ्यान्‌पिढ्या हाताने तपासून ठरलेली ती मर्यादा होती, आणि संशोधकांनी ती जशीच्या तशी गंभीरपणे घ्यावी. जखमेवर लावायच्या लेपावर, जाळ्यांवर, पॅकिंगवर आणि बोटींच्या तळाला चढणाऱ्या जंतूंवर होणारी परीक्षा सर्वांत आधी करावी.

नमुना कुठून आणला, हेही मोलाचं आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गुजरातची खारफुटी १,१७५ चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्राची ३२४ चौरस किलोमीटर होती. गुजरातची बहुतेक कच्छमध्ये आणि बरीचशी तिवराची. कांदळ, चिपी यांच्या जाती कमी जागी उरल्या आहेत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याच्या खारफुटी वृक्षाचा मान दिला. सालीतलं टॅनिन झाडाच्या वयाप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि पाण्याच्या खारेपणाप्रमाणे बदलतं. तिवर मुळांत जस्त-तांब्यासारखे धातूही साठवतं, आणि कारखान्यांच्या नाल्यांचं पाणी जिथे येतं तिथे ते जास्त साठतं. तेव्हा अशा खाडीतून आणलेल्या पानाच्या अर्काने जंतू मेले, तर तो गुण झाडाचा की पाण्याचा, हा प्रश्न उरतो. म्हणून बाटलीवर झाडाच्या नावाइतकंच खाडीचं नाव, महिना, झाडाचा कोणता भाग आणि पाण्याची तपासणी लिहिलेली असावी लागते. तसं न करता निघालेले आकडे दुसऱ्या खाडीवर लागू पडत नाहीत. सालीसाठी उभं झाड सोलण्याऐवजी गळलेली पानं आणि रोपवाटिकेतली झाडं वापरून काम करावं, हेही आता संशोधनाच्या परवानगीत विचारलं जायला हवं.